क्रोमे ब्रुगचं तळघर

आसावरी गोगटे नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये नेमकं काय करते, हे पुण्यात तिच्या सासरी कुणालाच धड ठाऊक नव्हतं. सासूबाईंच्या समजुतीप्रमाणे सून एका बेव्हरेज कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती. आता तशी ती होतीही म्हणा! फक्त ती कंपनी म्हणजे स्पार्ने नदीजवळच्या एका बोळातलं क्रोमे ब्रुग नावाचं बारा टेबलांचं कॅफे होतं, बेव्हरेज म्हणजे बिअर होती, आणि क्वालिटी कंट्रोल म्हणजे दगडी तळघरात कमरेत वाकून पिंपांचे वास घेणं होतं. खोटं एक अक्षर नव्हतं. कुणी खोदून विचारलं नाही आणि हिनंही सांगितलं नाही, एवढंच. गोगट्यांच्या घरात ही रीतच होती, आणि तिच्या माहेरी तर त्याहून जास्त. नको ती गोष्ट बोलायचीच नाही, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नाही!

ती आली २००९ साली, नवऱ्याच्या, शैलेंद्रच्या, नोकरीमागून, डिपेंडंट व्हिसावर. पुण्यात सहा वर्षं डेअरीच्या लॅबमध्ये विरजणाची कल्चर सांभाळलेली बाई इथे येऊन तीन वर्षं सायकल शिकली, डच शिकली, आणि उरलेल्या वेळात खिडकीतून पाऊस बघत बसली. लायब्ररीत डच शिकवायला येणाऱ्या रियाबाईंनी एकदा सहज विचारलं, "माझ्या नवऱ्याला ग्लास धुवायला कुणीतरी हवंय. येशील?" त्या रियाबाई पुढे वारल्या. पण त्यांचा नवरा योप आणि त्याचं कॅफे आसावरीच्या आयुष्यात आलं ते तिथून.

त्या कॅफेची एक गंमत होती. बाकी सगळीकडे मिळते तशी गॅस भरलेली गार बिअर तिथे होतीच, पण योपचा जीव होता तो रिअल एलवर. ही बिअर जिवंत असते. ब्रुअरीतून पिंप येतं तेव्हा आत यीस्ट काम करतच असतं. पिंप तळघरात आडवं ठेवायचं, वर लाकडाची मऊ खुंटी ठोकून त्याला श्वास घेऊ द्यायचा, गाळ बसू द्यायचा, आणि मग वरच्या हातपंपानं ओढून ग्लासात घ्यायची. गॅस नाही, बर्फासारखा गारवा नाही. उघडलेलं पिंप तीन-चार दिवसांत संपवावंच लागतं, नाहीतर गेलं. हार्लेम, लायडन आणि आजूबाजूची गावं धरली, तरी हे सगळं नीट करणारी कॅफे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दर्दी माणसं शनिवारी सायकली काढून एकीकडून दुसरीकडे जायची आणि कुणाचं पिंप आज कसं आहे यावर भांडायची.

ग्लास धुता धुता आसावरीनं हे सगळं पाहिलं आणि तिला वाटलं, अगं बाई, हे तर आपलंच काम! आंबवणं कुठे थांबलं, कुठे बिघडलं, हे तिला वासावरून कळायचं. घोटभर तोंडात घ्यायची, फिरवायची, बादलीत थुंकायची. दिवसाला चमचाभरही पोटात जात नसेल. चतुर्थीला तर घोटही नाही, नुसता वास. योप आधी हसला, मग हसायचा थांबला. २०१८ साली त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तळघराचा जिना शिडीसारखा उभा, तो त्याला जमेना. डॉक्टरनं बिअरही बंद केली. तेव्हा त्यानं तळघराची किल्ली आसावरीच्या हातात दिली आणि म्हणाला, "आता खालचं सगळं तुझं."

पुढे त्यानं आणखी एक ठरवलं. मूलबाळ नव्हतं, वय चौऱ्याहत्तर. एक मोठी कंपनी कॅफे मागत होती, पण ती हातपंप उखडून टाकणार हे उघड होतं. "हे तू चालव," तो आसावरीला म्हणाला. "सगळे करार तुझ्या नावावर करू. नोटरीकडे जाऊन सह्या करायच्या." तारीख ठरली होती एप्रिल २०२० ची. मार्चच्या एका रविवारी संध्याकाळी सहा वाजता सरकारनं सगळी कॅफे बंद करायला लावली, आणि ती तारीख गेली ती गेलीच. मग जूनमध्ये उघडलं, ऑक्टोबरात पुन्हा बंद. योप म्हणाला, बंद कॅफे काय हातात द्यायचं? पुन्हा उघडलं की पहिल्या आठवड्यात सह्या. आसावरीला बाकी काही नको होतं. अकरा वर्षं 'शैलेंद्रची बायको' म्हणून कागदोपत्री जगलेल्या बाईला त्या दारावर स्वतःचं नाव हवं होतं, बस्स.

आता कोरबद्दल सांगायलाच हवं. कोर हा निवृत्त पूल-रखवालदार. जन्मभर बोटींसाठी पूल वर-खाली केला, आणि आता रोज चार वाजता दाराजवळच्या नेहमीच्या टेबलावर येऊन बसायचा. त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. "आज गार जास्त आहे." "ग्लास धुतलास की पाण्याला नुसता दाखवून आणलास?" "गेल्या मंगळवारी हीच बिअर प्यायच्या लायकीची होती." पहिल्या वर्षी आसावरी घरी येऊन रडायची. एकदा तिनं योपकडे तक्रार केली, तर योप म्हणाला, "तो तुला बोलतोय म्हणजे तू आता इथली झालीस. पाहुण्यांना तो काही बोलत नाही." मग हळूहळू तिला त्या खडूसपणाची सवय लागली, आणि नंतर तर त्याच्यावर ती विसंबायला लागली. आपल्याकडे जेवणात मीठ जास्त पडलं तरी लोक "अहाहा" म्हणतात आणि पाणी पितात. इथे मीठ जास्त पडलं की मीठ जास्त पडलं. किती सोपं!

२०२१ च्या जानेवारीत कोरोना घरात आला. आधी शैलेंद्र, मग लेक भार्गवी, मग आसावरी. ताप दोन दिवसांत गेला. पाचव्या दिवशी तिनं फोडणी केली आणि तिला काहीच आलं नाही. मोहरी तडतडलेली कानांनी ऐकली, वास मात्र शून्य. तिनं हिंगाची डबी उघडून नाकाला लावली, इतकी की नाकाला पिवळं लागलं. काही नाही. ती स्वयंपाकघरातच खाली बसली. शैलेंद्रचं नाक दोन आठवड्यांत परतलं, भार्गवीचं तर गेलंच नव्हतं. आसावरीचं नाक फेब्रुवारीत आलं नाही, मार्चमध्ये आलं नाही. रोज सकाळी लवंग, लिंबाची साल, हिंग, निलगिरीचं तेल. रोज तीच रिकामी हवा.

"योपला सांगावं का?" तिनं शैलेंद्रला विचारलं.

"आत्ता कशाला? सह्या होऊ देत. तोवर येईलच नाक. उगाच म्हाताऱ्याच्या जिवाला घोर."

तिला ते लगेच पटलं, कारण तिला तेच ऐकायचं होतं. दर मंगळवारी ती योपला फोन करायची. एकटा म्हातारा, कॅफे बंद, गुडघे बाद. "कशी आहेस?" तो विचारायचा. "एकदम मस्त!" ती म्हणायची. दर गुरुवारी ती एकटी जाऊन तळघर झाडायची, पाइपांमधून पाणी सोडायची. तिथेही नाक लावून बघायची. ओल्या दगडाचा वास तिला इतका आवडायचा, आणि आता तिथे भिंत असल्याचं फक्त डोळ्यांना कळत होतं. तिला भीती वाटायची, खरीखुरी. तरी फोनवर "एकदम मस्त!"

एप्रिलच्या शेवटी तिच्या भावाचा, मोहनदादाचा, पुण्याहून फोन आला. वडील, आप्पा, अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते, ऑक्सिजनवर होते, आज घरी आणले. "तुला मुद्दामच नाही कळवलं गं. तू तिकडे, विमानं बंद, काय करणार होतीस?" आसावरी अशी भडकली की शैलेंद्र मीटिंग सोडून खोलीबाहेर आला. "मी परकी आहे का? अकरा दिवस रोज बोललास माझ्याशी, रोज 'सगळं ठीक' म्हणालास! उद्या काही झालं असतं तर तेही आठवड्यानं सांगितलं असतंस?" तिनं फोन आपटला, दोन दिवस भावाशी बोलली नाही. आणि बघा, मधल्या मंगळवारी हीच बाई योपला फोन करून "एकदम मस्त!" म्हणाली. तिच्या मनात तसूभरही आलं नाही की आपण काय करतोय. माणूस किती आंधळा असावा याला काही सुमार?

पाच जूनच्या शनिवारपासून कॅफेंना आत गिऱ्हाइकं बसवायची परवानगी मिळाली. बाहेर टेबलं मांडणाऱ्या टेरेसवाल्यांना आधीच मिळाली होती, पण त्या बोळात एक खुर्ची मांडली तर सायकल जाणार नाही. नोटरीची वेळ ठरली बुधवारची, नऊ जूनची. आणि नाक अजून ठार बंद.

आसावरीनं मग लॅबवालीचं डोकं लावलं. तापमान मोजलं, घनता मोजली, आंबटपणाच्या पट्ट्या लावल्या. नाक गेलं तरी जीभ जागेवर होती. आंबट, कडू, गोड, खारट एवढं कळत होतं. तीन पिंपं आधीच्या मंगळवारी आली, तिनं ती पोरांसारखी जपली. खुंट्या बदलल्या, गाळ बसू दिला, शुक्रवारी प्रत्येकातून घोट घेतला. आंबट नाही, दिसायला स्वच्छ. पास! मग पाइपांची पाळी. पाइप धुवायचं क्लोरीनचं औषध असतं, ते पाण्यात मिसळून वीस मिनिटं पाइपांत ठेवायचं आणि मग साध्या पाण्यानं वास जाईपर्यंत खळबळायचं. वास जाईपर्यंत. नऊ वर्षं तिनं हे असंच केलं होतं, घड्याळ कधी लावलंच नव्हतं. त्या दिवशी तिला भीती वाटत होती. आठ महिने बंद पडलेले पाइप, आत काही वाढलं असेल आणि आपल्याला कळणार नाही, म्हणून तिनं औषध दुप्पट घातलं आणि तासभर ठेवलं. मग प्रत्येक पंपातून वीस ग्लास पाणी ओढलं. वीस का? तर वीस हा आकडा तिला पुरेसा वाटला.

शनिवारी दुपारी दार उघडलं. दीड मीटरची अंतरं, तोंडाला मास्क, नावं नोंदवायचा कागद, आणि तरीही माणसं अशी आत आली की लग्नाला आली असावीत. योप स्टुलावर बसून प्रत्येकाला हात हलवत होता आणि त्याचे डोळे भरून येत होते. पहिला ग्लास कोरचा, हे न बोलता ठरलेलं होतं. आसावरीनं पंप ओढला, ग्लास त्याच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

कोरनं घोट घेतला. तोंडात धरला. गिळला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे, आसावरी. खूपच छान."

तिनं ग्लासाकडे पाहिलं, मग पुन्हा कोरकडे.

नऊ वर्षांत हा माणूस तिला "खूपच छान" म्हणाला नव्हता. भार्गवीच्या बारशाला तिनं कॅफेत बेसनाचे लाडू नेले होते, तेव्हाही "गोड आहे" एवढंच म्हणाला होता. ती पुढच्या टेबलांवर गेली. "लेकर!" म्हणाले सगळे, म्हणजे चविष्ट. सगळे हसत होते, तिच्या डोळ्यांत बघून हसत होते. अर्ध्या तासानं तिनं खोलीवर नजर टाकली. सोळा ग्लास, आणि सोळाही जवळजवळ भरलेले. आठ महिने ज्याची वाट पाहिली ते समोर आहे आणि कुणी पीत नाही! एका बाईनं तर ग्लास फुलदाणीमागे सरकवून ठेवला होता. आसावरीला त्या क्षणी जितकं एकटं वाटलं, तितकं २००९ च्या त्या खिडकीतही वाटलं नव्हतं. हे लोक तिला पाहुण्यासारखं वागवत होते.

ती कोरच्या टेबलाशी गेली. "कोर, खरं सांग."

"आज नको. आज उघडलंय ना."

"कोर!"

त्यानं ग्लास बोटानं दूर सारला. "हॉस्पिटल," तो म्हणाला. "फिनेलनं पुसलेली फरशी. नाकाशी नेलं की उलटी येते. तुला हे कळलं नाही असं होणार नाही, म्हणून मला वाटलं, तुला काहीतरी झालंय. आजच्या दिवशी तोंडावर कसं सांगू?"

"मला वासच येत नाही," आसावरी म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा हे वाक्य तिनं घराबाहेर उच्चारलं, आणि ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार लहान निघालं.

तिनं काउंटरवर जाऊन तिन्ही पंपांवरच्या पाट्या उलट्या फिरवल्या. पिंप संपलं की तसं करतात. मग मास्क खाली करून मोठ्यानं सांगितलं, "बिअर खराब आहे. पाइपांत औषध राहिलंय. चूक माझी आहे, मला माफ करा, कुणी पिऊ नका." मग कुणीतरी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो सगळ्यांना ऐकू गेला.

योप स्टुलावरून उठला नाही. ती जवळ आल्यावर त्यानं विचारलं, "नाक?"

"हो."

"केव्हापासून?"

"जानेवारी."

त्यानं बोटं मोजली नाहीत, पण त्याच्या चेहऱ्यावर ते मंगळवार एकामागून एक मोजले गेलेले तिला दिसले. ती भराभरा बोलायला लागली. पट्ट्या आहेत, जीभ आहे, नाक येईल परत, आणि तोवर कुणालाही वास घ्यायला सांगता येईल, कोरलाच सांगू, तो रोज येतोच.

"अगदी बरोबर," योप म्हणाला. "कोरलाच सांगितलं असतं. जानेवारीत मला म्हणाली असतीस, तर मीही हेच म्हणालो असतो. बिननाकाची माणसंही तळघर सांभाळू शकतात."

"मग?"

"मी खाली उतरू शकत नाही, आसावरी. तीन वर्षांत मी ते तळघर पाहिलेलं नाही. खाली काय आहे ते मला फक्त तुझ्याकडून कळतं. आणि पाच महिने तू मला सांगत होतीस की सगळं मस्त आहे."

"तुझ्या जिवाला घोर नको म्हणून, योप."

"मला घोर हवा होता. माझं कॅफे आहे." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "बुधवारचं राहू दे. सोमवारी मी नोटरीला फोन करतो."

"पुढची तारीख घ्यायला?"

"नाही," योप म्हणाला. "रद्द करायला."

तिला वाटलं आपण रडू, ओरडू, निदान नऊ वर्षं काढली म्हणून हिशेब मागू. त्यातलं काही झालं नाही. इतक्या स्पष्ट 'नाही'पुढे ओरडायला काही उरत नाही. हातांना काहीतरी काम हवं होतं. लोक अजून बसलेले होते, आणि पिंपांतली बिअर तर चांगलीच होती. खराब होते ते पाइप.

"कोर," तिनं हाक मारली, "इकडे ये. वास घे."

ती जिन्यानं खाली गेली, पाइप पिंपांवरून काढून पाण्याच्या बादलीत सोडले, वर येऊन पंप ओढायला लागली. कोरनं ग्लास नाकाशी नेला. "आहे." तिनं ओतून दिलं, पुन्हा ओढलं. "आहे." पुन्हा. "अजून आहे." पन्नास ग्लास झाले, साठ झाले, खांदा भरून आला. "आहे, पण कमी." मग कोर बराच वेळ ग्लासात नाक घालून उभा राहिला, आणि म्हणाला, "गेला." दुसरा पंप, तिसरा पंप. तिन्हींचं मिळून झालं तेव्हा तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अवघा पाऊण तास लागला होता. एक कोर आणि पाऊण तास, आणि यासाठी तिनं पाच महिने भीतीत काढले होते! आता मात्र तिचे डोळे वाहायला लागले, आणि तिनं ते पुसले नाहीत.

तिनं पाइप पुन्हा पिंपांना जोडले, पाट्या सरळ केल्या, आणि सोळा ग्लास नव्यानं भरून प्रत्येक टेबलावर स्वतः नेऊन ठेवले. लोक प्यायले. कुणीतरी म्हणालं की जरा पातळ वाटते, आणि तिनं मान डोलावली. मग ती योपच्या स्टुलापाशी आली, कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्यापुढे काउंटरवर ठेवली. योपनं किल्ली उचलली आणि खिशात टाकली.